म्यूझस्कोर स्टुडिओ: ओबो आणि पियानोसाठी जुनं गीत मांडायला कितपत कामाचं?

संध्याकाळच्या उपासनेत किंवा अंत्यविधीला एखादं जुनं गीत शब्दांशिवाय, नुसत्या वाद्यांवर वाजवायचं असेल तर ओबो आणि पियानो ही जोडी फार शोभून दिसते. ओबो हा आपल्या सनईचा दूरचा भाऊ. दोघांनाही दुहेरी पातीची रीड, दोघांचीही नळी टोकाकडे रुंद होत जाणारी. म्हणून त्याचा आवाज मराठी कानाला परका वाटत नाही. अडचण वेगळीच आहे. गीतांच्या पुस्तकात चाल चार आवाजांत (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) छापलेली असते, ती या दोन वाद्यांसाठी नव्याने लिहावी लागते. पुण्यात हे काम बहुतेक वेळा चर्चचा ऑर्गनवादक किंवा कॉयर चालवणारी व्यक्ती रात्री जेवणानंतर घरच्या लॅपटॉपवर करते. त्यासाठी म्यूझस्कोर स्टुडिओ हे नोटेशन लिहिण्याचं सॉफ्टवेअर घ्यावं का, एवढ्याच एका प्रश्नापुरतं हे परीक्षण आहे.

आधी पैशांचं. हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आणि मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. मात्र म्यूझस्कोर डॉट ऑर्गवरूनच उतरवा. त्याच नावाची डॉट कॉम साइट म्हणजे लोकांनी चढवलेल्या नोटेशनचं भांडार. तिथे बऱ्याच गोष्टींना वर्गणी लागते, आणि नवखी माणसं सॉफ्टवेअरच विकत घ्यायचं आहे असं समजून परत फिरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाली या जुन्या नोटेशन सॉफ्टवेअरचा विकास थांबवल्याचं जाहीर झालं, तेव्हापासून जुन्या फिनाली फाइल घेऊन बसलेल्या कॉयरनाही पर्याय हवा आहे. तिथून म्यूझिकएक्सएमएल, म्हणजे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नोटेशन नेणारी फाइल, काढून इथे उघडता येते. स्वर आणि शब्द नीट येतात, पानाची मांडणी मात्र पुन्हा करावी लागते.

तपासायला एकच गीत घेऊ: ‘अबाइड विथ मी’. शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे, १८४७ चे. विल्यम हेन्री मंक यांची ‘ईव्हनटाइड’ ही चाल १८६१ ची. गांधीजींच्या आवडीचं हे गीत दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये कित्येक वर्षं वाजत असे, २०२२ मध्ये ते वगळलं गेलं. चाल आणि मूळ शब्द दोन्ही स्वामित्वहक्काबाहेर आहेत, म्हणून मांडणी करून वाटायला हरकत नाही. मराठी भाषांतर छापणार असाल तर भाषांतरकाराच्या मृत्यूला ६० वर्षं झाली आहेत का ते बघा. अलीकडच्या पुस्तकांतल्या नव्या हार्मनीलाही तोच नियम.

चाल १६ बारांची आहे: चार ओळी, प्रत्येक ओळ चार बार, प्रत्येक बारात चार मात्रा. छापील पट्टी ई फ्लॅट, म्हणजे आपली काळी दोन. चालीचा पल्ला मधल्या सीच्या वरच्या ई फ्लॅटपासून त्याच्या वरच्या सीपर्यंत, जेमतेम सहा स्वरांचा.

सॉफ्टवेअरमध्ये ओबो आणि पियानो निवडून नवी फाइल उघडली की आधी चारही आवाज जसेच्या तसे पियानोच्या दोन ओळींत उतरवून घ्या. वर सोप्रानो पहिल्या व्हॉइसमध्ये आणि आल्टो दुसऱ्या, खाली टेनर-बास तसेच. एन दाबून लिहायला सुरुवात होते. ५ म्हणजे एक मात्रा, ६ म्हणजे दोन, ७ म्हणजे चार. व्हॉइस बदलायला कंट्रोल, ऑल्ट आणि १ किंवा २. हात बसला की १६ बारांचे चार आवाज वीस-पंचवीस मिनिटांत उतरतात. मग एफ ६ दाबून सिलेक्शन फिल्टर उघडा, पहिला व्हॉइस सोडून बाकीच्यांची खूण काढा, वरची ओळ निवडा आणि ओबोच्या ओळीत चिकटवा. सोप्रानो एकटी, स्वच्छ उचलली जाते. चार आवाजांतून एक आवाज वेगळा काढायचा हा मार्ग इतका सोपा आहे की या एका सोयीसाठीही सॉफ्टवेअर घ्यावं.

इथवर पैकीच्या पैकी गुण. खरं काम इथून पुढे सुरू होतं, आणि इथेच म्यूझस्कोरवर किती भरवसा ठेवायचा हे कळायला हवं.

पहिला प्रश्न पट्टीचा. टूल्समधल्या ट्रान्सपोजने कोणतीही पट्टी दोन क्लिकमध्ये मिळते, आणि प्लेबॅकमध्ये सगळ्या सारख्याच गोड वाजतात. ओबोवर तसं नसतं. ई फ्लॅटमध्ये चालीची सुरुवातच जी, जी, एफ, ई फ्लॅट अशी आहे. ओबोवर नेहमीचा एफ वाजवताना उजव्या हाताची अनामिका एफच्या कळीवर असते, आणि ई फ्लॅटला तेच बोट सरकून भोकावर यावं लागतं. स्लरमध्ये, म्हणजे स्वर न तोडता जोडताना, हे सरकणं ऐकू येतं, मध्ये एक घसरट स्वर डोकावतो. त्यावर उपाय दोन: डाव्या हाताची एफ कळ, किंवा फोर्क्ड एफ, म्हणजे एफची पर्यायी बोटं. शिकाऊ वाद्यांवर डावी कळ बऱ्याचदा नसते, आणि एफ रेझोनन्सची कळ नसलेल्या वाद्यावर फोर्क्ड एफ दबका लागतो. म्हणजे पहिल्याच ओळीत, सगळी मंडळी शांत बसलेली असताना, तिसरा स्वर घोगरा.

तीच चाल एफ पट्टीत, म्हणजे पांढरी चारमध्ये नेली की सुरुवात ए, ए, जी, एफ अशी होते. एफ नेहमीच्या बोटांनी निघतो, अडचण नाहीशी होते. बदल्यात ओळीच्या मध्ये सी, डी, सी अशी चढउतार येते. त्या सीवरून डीवर जाताना जवळजवळ सगळी बोटं एकदम खाली येतात आणि डाव्या तर्जनीला अर्धं भोक उघडावं लागतं. मात्र हे ओबोच्या रोजच्या सरावातलं आहे, पहिलं वर्ष पार केलेल्या माणसाला जमतं. म्हणून वाद्य शिकाऊ असेल तर पूर्ण गीत एफमध्ये करा. वाद्य पूर्ण कळींचं असेल तर पहिली दोन कडवी ई फ्लॅटमध्ये ठेवून शेवटचं एफमध्ये उचला. यातलं काहीही सॉफ्टवेअर सांगत नाही. ते फक्त पल्ला तपासतं: वाद्याच्या आवाक्याबाहेरचा स्वर लाल दिसतो, नवशिक्याला अवघड असलेला पिवळसर. ओबोचा सगळ्यात खालचा स्वर मधल्या सीच्या खालचा बी फ्लॅट, त्याखाली गेलात की लाल रंग येतो आणि ही सूचना उपयोगी पडते. पण बी फ्लॅट, बी, सी आणि सी शार्प हे खालचे चार स्वर ओबोवर हळू सुरू करणं किती कठीण असतं ते रंगावरून कळत नाही. तिथे पियानिसिमो, म्हणजे अगदी हळू, असं लिहिलंत तर प्लेबॅक कुजबुजतो. प्रत्यक्षात स्वर एकतर लागत नाही, नाहीतर भसकन मोठा लागतो.

दुसरी गोष्ट श्वासाची, आणि मोफत मिळणारे म्यूझ साउंड्स, म्हणजे प्लेबॅकसाठीचे वाद्यांचे आवाज, इतके सुंदर आहेत म्हणूनच ती जपायला हवी. त्यातला ओबो श्वास घेत नाही. सोळा बार सलग वाजवतो, टवटवीत राहतो. खऱ्या ओबोत अडचण उलटी असते. रीडची फट इतकी बारीक की हवा संपत नाही, उलट छातीत शिळी हवा साठून राहते. वादकाला आधी ती बाहेर सोडावी लागते आणि मग नवी घ्यावी लागते, म्हणजे एका श्वासाला दोन क्रिया. मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत चार बारांची ओळ सव्वातेरा सेकंदांची होते. हवा आठ बारही पुरते, पण ओठांचा जोर ओसरतो आणि सूर खाली येऊ लागतो. म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी चार मात्रांचा जो लांब स्वर आहे तो तीन मात्रांचा करा आणि चौथी मात्रा मोकळी सोडा. त्या मात्रेला ०.८ सेकंद मिळतात. एका ओळीअखेर हवा सोडायची, पुढच्या ओळीअखेर घ्यायची, असं वादक आपसूक वाटून घेतात. पॅलेटमधला श्वासाचा स्वल्पविराम टाकून काम झालं असं मानू नका, विश्रांतीच लिहा. तेवढ्या मात्रेत पियानोच्या आतल्या आवाजाला एखादं पाऊल हलवलं की पोकळी जाणवत नाही.

पूर्ण मांडणीचा आराखडा असा धरावा. पहिले चार बार पियानोची प्रस्तावना, चालीची शेवटची ओळ. बार ५ ते २० पहिलं कडवं, चाल ओबोवर, छापील उंचीवर. बार २१ ते २८ दुसऱ्या कडव्याचा पूर्वार्ध एकट्या पियानोवर. हे आठ बार ओबोच्या ओठांसाठी आहेत, ते कापू नका. बार २९ ते ३६ चाल पियानोकडेच, आणि ओबो तिच्या वर तिसऱ्या-सहाव्या स्वरांच्या अंतराने दुसरी ओळ गातो. बार ३७-३८ पट्टी बदलण्याचा जोड. ३९ ते ५४ तिसरं कडवं एफमध्ये, आणि ५५-५६ शेवट. एकूण ५६ बार, ७२ च्या लयीत तीन मिनिटं सात सेकंद. अर्पणाच्या वेळेत किंवा शवपेटी बाहेर नेताना हे बरोबर बसतं. मिरवणूक लांबली तर बार २१ ते ३६ पुन्हा घेता येतील अशी पुनरावृत्तीची खूण आधीच घालून ठेवा.

जोडाचे दोन बार भारी करायची गरज नाही. ई फ्लॅटच्या कॉर्डमध्ये ई फ्लॅट, जी आणि बी फ्लॅट असतात. जी आणि बी फ्लॅट तसेच धरून ठेवा, ई फ्लॅट अर्ध्या पायरीने ईवर चढवा, खाली बासला सी द्या. सी सेव्हन तयार झाला, तो आपसूक एफकडे ओढतो. तिसऱ्या कडव्यात फक्त तिसरी ओळ ओबोला वरच्या सप्तकात द्या. ओळ निवडून कंट्रोल आणि वरचा बाण, झालं. चौथी ओळ पुन्हा खाली आणा. शेवट खालच्या एफवर होतो आणि तो हळू आवाजात धरायला खालच्या ई फ्लॅटपेक्षा सोपा आहे. पूर्ण कडवं वरच्या सप्तकात नेण्याचा मोह होतो, कारण म्यूझ साउंड्सचा ओबो तिथे चमकतो. पण दोन मिनिटं वाजवून थकलेल्या ओठांना ती चमक झेपत नाही, आवाज चिमटल्यासारखा होतो.

पियानोच्या भागात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गीतपुस्तकातले चारही आवाज तसेच ठेवून ओबोने वरून चाल वाजवणं. मग प्रत्येक स्वर दोघांकडे. पियानोचा सूर बांधलेला, ओबोचा हलता. दोघांत किंचित जरी फरक असला तरी तो प्रत्येक स्वरावर उघडा पडतो. पहिल्या कडव्यात पियानोच्या उजव्या हातातून सोप्रानो काढून टाका. पण काढल्यावर काय उरलं ते बघा. चालीचा पहिला स्वर जी हा ई फ्लॅटच्या कॉर्डमधला तिसरा स्वर आहे, आणि बाकीचे आवाज तिथे सहसा ई फ्लॅट आणि बी फ्लॅटच धरतात. सोप्रानो गेली की पियानोकडे कॉर्ड पोकळ राहते. ओबो वाजतोय तोवर चालतं. ओबोने श्वास घेतला की त्या मात्रेवर मेजर की मायनर हेच कळेनासं होतं. म्हणून ओळीच्या शेवटी, निदान ओबो थांबतो त्या मात्रेवर, तिसरा स्वर आल्टो किंवा टेनरकडे द्या. अशा पोकळ कॉर्ड आणि समांतर पंचम (दोन आवाज पंचमाच्या अंतराने बरोबरीने सरकणं) सॉफ्टवेअर स्वतःहून दाखवत नाही. ओबोची ओळ मिक्सरमध्ये, म्हणजे एफ १० वर, म्यूट करून एकटा पियानो ऐका, दोन मिनिटांत सगळं कळतं. या कामासाठी प्लेबॅक खरोखर उत्तम आहे.

आवाजाच्या तोलाबाबत मात्र प्लेबॅकवर विसंबू नका. मिक्सरच्या पट्ट्या खालीवर करून तोल साधतो, तो चर्चमध्ये टिकत नाही. पहिल्या कडव्यातला ओबो आणि पियानोचा उजवा हात एकाच सप्तकात बोलतात. उजवा हात ओबोच्या वर जाऊ देऊ नका, आणि मधल्या सीच्या खालच्या सप्तकात दाट कॉर्डही टाळा, नाहीतर आवाज गढूळ होतो. खाली बास आणि त्याचं सप्तक, वर दोन आतले आवाज, मध्ये मोकळी जागा. १८२५ चं कॅम्पातलं सेंट मेरीज किंवा गुरुवार पेठेतलं पंचहौदचं चर्च अशा जुन्या इमारतींत घुमारा असतो. तिथे पेडल प्रत्येक कॉर्डला बदला आणि लय ७२ वरून ६६ पर्यंत खाली येईल हे धरून श्वास आखा.

पानाच्या मांडणीत म्यूझस्कोर पुन्हा खरं उतरतं. फॉरमॅटमधून दर चार बारांनी ओळ तोडा, म्हणजे गीताची एक ओळ तशीच कागदाच्या एका ओळीत येते आणि वाजवणाऱ्याला वाक्य डोळ्यांना दिसतं. पार्ट्सच्या बटणातून ओबोचं पान वेगळं निघतं. मूळ फाइलमध्ये स्वर बदलला की तिथेही बदलतो. पियानोच्या पानावर ओबोची ओळ लहान आकारात ठेवा, स्टाफच्या गुणधर्मांत प्रमाण ७० ते ७५ टक्के करा. उलट, ओबोच्या पानावर आठ बारांच्या विश्रांतीसाठी नुसता ‘८’ आकडा ठेवू नका. शेवटच्या दोन बारांत पियानोची चाल बारीक स्वरांत दाखवा. ओबोवादक मोजताना चुकतो तो इथेच.

शब्द स्वरांखाली घालायला कंट्रोल आणि एल. देवनागरी चालते, पण मूळच्या फाँटवर विसंबू नका. स्टाइलमध्ये जाऊन शब्दांसाठी देवनागरीचा फाँट निवडा आणि जोडाक्षरं छापून बघा, पडद्यावर आणि पीडीएफमध्ये फरक पडू शकतो. ओबोच्या पानावर पहिल्या कडव्याचे शब्द जरूर ठेवा. कुठे वाक्य संपतं आणि कुठे नुसती ओळ, हे शब्दांशिवाय कळत नाही, आणि स्लर त्यावरूनच ठरतात.

चाल मराठी असेल तर हिशेब थोडा बदलतो. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या गीतांसारखी देशी चालींवरची गीतं ओबोला विलक्षण जुळतात. दादरा सहा मात्रांत आणि केरवा आठ मात्रांत सहज लिहिता येतो. मींड मात्र लिहिता येते तेवढी वाजत नाही. सनईवर बोट आणि ओठ सरकवून स्वर ओढता येतो, ओबोच्या कळी पायऱ्यांनी चालतात. ग्लिसांडोची रेघ ओढलीत तर प्लेबॅक मधले सगळे स्वर पळवत दाखवतो, आणि वादकही तेच समजतो. तिथे साधा स्लर आणि एखादा कण-स्वर पुरतो. पियानोकडून प्रत्येक मात्रेला कॉर्ड नको. षड्ज-पंचमाचा आधार द्या, तिसरा स्वर जपून.

ओबो वाजवणारे आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून पर्यायी पान त्याच फाइलमधून तयार ठेवा. वाद्य बदलून बी फ्लॅट क्लॅरिनेट केलं की सॉफ्टवेअर पट्टी आपोआप एका पूर्ण पायरीने वर लिहितं. बासरीसाठी, म्हणजे पाश्चात्त्य फ्लूटसाठी, सगळं वरच्या सप्तकात न्या, कारण या चालीचा मूळ पल्ला फ्लूटच्या सगळ्यात दुबळ्या भागात येतो.

सूर जुळवण्याचं काम कागदावर होत नाही, पण मांडणी वाया जाते ती बऱ्याचदा इथेच. वाद्यवृंद ओबोकडून ए घेतो, पियानोबरोबर मात्र ओबोलाच पियानोचा ए घ्यावा लागतो. पावसाळ्यात पियानोचा साउंडबोर्ड फुगून सूर चढतो, कोरड्या हवेत उतरतो. फोनवरच्या ट्यूनरने आधी मोजा. ४४० ते ४४२ हर्ट्झ असेल तर निर्धास्त राहा. ४३७ च्या खाली असेल तर ओबोला तेवढं उतरता येत नाही, पियानो लावून घेणं हाच मार्ग. रीड वाजवण्याआधी दोन-तीन मिनिटं पाण्यात भिजलेली हवी. एकट्या पियानोच्या आठ बारांत ती ओठांत धरून ओली ठेवायची.

सॉफ्टवेअरच्या काही मर्यादा आधीच माहीत असाव्यात. चौथ्या आवृत्तीत साठवलेली फाइल तिसरीत उघडत नाही. पियानोवादकाच्या जुन्या लॅपटॉपवर तिसरी असेल तर पीडीएफ आणि म्यूझिकएक्सएमएल दोन्ही पाठवा. फोनवर लिहिता येत नाही, तिथलं ॲप बघण्या-ऐकण्यापुरतं. म्यूझ साउंड्स मोठे आहेत, कमी मेमरीच्या लॅपटॉपवर अडखळतात. अशा वेळी जुने साधे आवाज लावा, तपासणीला तेवढे पुरतात.

पिंपरीचा पियानोवादक आणि वानवडीचा ओबोवादक आठवड्यात एकदाच भेटणार असतील, तर मिक्सरमध्ये ओबो म्यूट करून पियानोचं एमपी ३ काढा आणि ओबोवादकाला व्हॉट्सॲपवर पाठवा, पियानोवादकाला उलटं. छापताना अप्पा बळवंत चौकात १०० जीएसएमचा कागद मागा. नेहमीचा ७० चा कागद पंख्याच्या वाऱ्यात स्टँडवरून वाकतो आणि मागची बाजूही आरपार दिसते. ओबोचं काम दोन पानांवर गेलं तर पानं पाठपोट न छापता शेजारी शेजारी चिकटवा. पान उलटायला हात मोकळा फक्त बार २१ ते २८ मध्येच असतो.